निळ्याच्या खालचा रंग

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कुणाला गुंजभर कमी तोललं नाही. तरीही एका दुपारी वजनमापं तपासायला आलेल्या साहेबांनी भर दुकानात सांगितलं, "शेठ, हे दहा किलोचं माप दहा किलो भरत नाही." पिंपळवंडीचे दोन शेतकरी तेव्हा बाजरी घेऊन आले होते. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. शेठचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माप उलटं केलं. मापाच्या बुडाला शिशाचं बूच असतं, त्यावर सरकारी शिक्का मारतात. ते बूच अर्धं गळून पडलं होतं.

"आदळलंय कुठंतरी," साहेब म्हणाले.

"रोज आदळतंय. मी उचलतो ते."

"तोलायला उचलावंच लागतं की."

"तोलायला न्हाई साहेब. व्यायामाला."

साहेबांनी शेठकडं नीट पाहून घेतलं. साठीकडं झुकलेला माणूस, धोतर, पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, पुढं आलेलं पोट. हा आपली थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं असणार. शेतकऱ्यांपैकी एकजण मात्र मोकळेपणी हसला. "आयला शेठ, पैलवान झाला व्हय तुमी!"

शेठ हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी ते माप आणि वीस किलोची दोन जुनी मापं लाल रंगानं रंगवली आणि काट्यापासून कायमची लांब नेऊन गोदामात ठेवली. पुढचे आठ दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत बसले, की आमचं दहाचं माप कमी निघालंय, शंका असली तर माल परत तोलून घ्या. कुणी परत आलं नाही. लोकच बिचारे संकोचले. मी म्हटलं, "शेठ, आपल्या हातानं आपली बदनामी कशाला करताय?" तर म्हणाले, "मास्तर, कमी भरलं ते भरलं. दडवलं म्हणून काय वजन वाढतंय?"

मला तेव्हा हा विक्षिप्तपणा वाटायचा. मी तरुण होतो, विज्ञान शिकवत होतो आणि मला बरंच कळतं अशी माझी समजूत होती.

माझं गाव आंबेगाव तालुक्यातलं पेठ. जुन्नरच्या हायस्कुलात नोकरी लागली ती नव्वद सालानंतर काही वर्षांनी. रोज एसटी बदलत जाणं-येणं जमेना, म्हणून बाजारपेठेतल्या या भुसार दुकानामागची माडीवरची खोली भाड्यानं घेतली. पुढं दुकान, मागं गोदाम, गोदामाच्या अंगणातून माझा जिना. शेठचे पणजोबा राजस्थानातून आलेले. घरात आपसांत ते मारवाडी बोलत, पण दुकानात बसले की माझ्यापेक्षा गावरान मराठी. खोली दाखवतानाच त्यांनी सांगितलं होतं, "मास्तर, आमी सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घेत न्हाई. तुमी खुशाल घ्या. पण कांद्याचा वास खाली यायला नको." मी तो नियम पाळला. बाकी बरेच पाळले नाहीत.

शेठना मधुमेह होता. बाजारातल्या डॉक्टरांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लावून दिली होती आणि रोज पहाटे शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत चालून यायला सांगितलं होतं. शेठ दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पेठेतून जाताना एकेक दार उघडून लोक विचारायला लागले, "शेठ, एवढ्या सकाळी पायी? कोण गेलं?" रिकाम्या हातानं, खाली मान घालून एवढ्या लवकर निघालेला व्यापारी म्हणजे मयतीला निघालेला, हे जुन्नरला सरळच होतं. एकजण तर खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या मागं चालायला लागला. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं, "न्यायचं कुठनं हाय?" शेठ तिथनंच माघारी फिरले ते कायमचे. "चालून साखर उतरंल का न्हाई ठाऊक न्हाई," ते म्हणाले, "पण मी एक दिवस खरंच उचलला जाईन."

माझी त्यांची खरी ओळख झाली ती लघवीच्या बाटलीवरून. त्या काळी आमच्याकडं घरोघरी रक्त तपासायची यंत्रं नव्हती. लघवीचे आठ थेंब निळ्या द्रावणात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे आणि रंग बघायचा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर डोक्याला हात लावायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सगळं सामान होतं. शेठना ते कळलं आणि रोज सकाळी एक छोटी बाटली वर्तमानपत्रात हिंगाच्या पुडीसारखी नीट बांधून माझ्या पायरीवर यायला लागली. मीही कंटाळा केला नाही. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटत होती. वर्गातली पोरं प्रयोगाकडं बघत नसत. हा माणूस परीक्षानळीकडं डोळे लावून बसायचा.

रंग रोज विटकरीच. आणि मग एकदा आठवडाभर हळूहळू तो पिवळा, मग हिरवा झाला.

शेठ जिना चढून वर आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं औषध बिघडलंय."

मी द्रावण बदललं. तरी हिरवंच. माझी स्वतःची लघवी तपासली, ती निळी. ग्लुकोज घातलेलं पाणी उकळलं, ते विटकरी. द्रावण ठणठणीत होतं. मग मी विचारलं, या आठवड्यात वेगळं काय केलं? खाणं तेच, गोळ्या त्याच. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "सोपान न्हाई."

सोपान म्हणजे त्यांचा हमाल. त्याचा हात मोडला होता आणि बदली माणूस मिळत नव्हता, म्हणून आठ-दहा दिवस शेठ स्वतः धान्याचे कट्टे उचलत होते, ओढत होते, थप्पीला लावत होते. पुढं सोपान परत आला, शेठ गादीवर बसले, आणि आठवड्याभरात रंग पुन्हा विटकरी झाला.

तेव्हा माझ्या अंगात जे वारं शिरलं ते अजून आठवतं. आमच्या डॉक्टरांपासून सगळे नुसतं चाला म्हणत होते. वजन उचलणं म्हणजे हृदयावर ताण, रक्तदाब, असलंच सगळं ऐकलेलं. आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या नळीत, उलटं दिसत होतं. मी शेठना म्हटलं, आपण प्रयोग करू. पंधरा दिवस उचलायचं, पंधरा दिवस नाही. मी शाळेतून रंगीत खडू आणले. गोदामाच्या लाकडी दाराला आतल्या अंगानं रोज एक रेघ मारायची, ज्या रंगाचं द्रावण त्या रंगाची. दोन महिन्यांत त्या दारावर असे पट्टे दिसायला लागले की शाळेतल्या कुठल्याही तक्त्यानं लाजावं. उचललं की हिरवं, थांबलं की तांबडं. तिसऱ्या महिन्यात शेठ म्हणाले, "आता थांबायचं पुरे झालं, मास्तर. पटलं मला."

का होतं असं, ते मी त्यांना समजावायला गेलो. स्नायू साखर साठवतात, कामाला लागले की ती वापरतात, मग रक्तातनं नवी ओढून घेतात, वगैरे. त्यांनी मध्येच हात वर केला. "कळलं. गोदाम रिकामं केलं की नवा माल आत जातो. गोदाम भरलेलं असलं की माल दारात पडून ऱ्हातो अन् गाडीवाला शिव्या देतो." त्यानंतर मी मधुमेहावर जे काही वाचलं त्यात याच्याहून सोपं काही सापडलं नाही.

मग रोज दुपारी चारला, गिऱ्हाईक कमी झालं की, शेठ टोपी काढून खुंटीला लावत, धोतर खोचत आणि मापांपाशी उभे राहत. दहाचं दोन्ही हातांनी डोक्यावर. वीसची दोन हातांत धरून खाली बसायचं आणि उठायचं. धान्य मोजताना आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शेठ व्यायामालाही तसंच मोजत. "लाभ… दोन… तीन…" बारा झाले की माप धाडकन खाली. सोपान पोत्यावर बसून बघत असायचा. एकदा म्हणाला, "शेठ, त्येच वीस किलो इकडनं तिकडं न्या की, माजं काम तरी हलकं व्हईल." शेठ म्हणाले, "तुझं काम मी केलं तर तुला साखर व्हईल." सोपानला ते खरंच वाटलं. पुढं तो त्यांना पोत्याला हात लावू देईना.

गिऱ्हाइकाशी बोलतानाही डाव्या हातात पाच किलोचं माप खालीवर चाललेलं असायचं. काकी, म्हणजे शेठच्या पत्नी, पडद्याआडून म्हणायच्या, "लोकं हसतात." शेठ म्हणायचे, "हसू दे. फुकट हाय." काकी फार कमी बोलत. त्यांचे नेमधर्म शेठपेक्षाही कडक होते, आणि नवऱ्याचा नेम आपल्या हयातीत मोडता कामा नये, हा त्यांचा सगळ्यात मोठा नेम होता.

सहा महिन्यांत दारावर नुसत्या निळ्या रेघा. एकाखाली एक, एकाखाली एक. शेठचे दंड भरले, पोट आत गेलं, चेहऱ्यावर तरतरी आली. मी त्या दारापुढं उभा राहून स्वतःवर खूश व्हायचो. एखादा लेख लिहून कुठंतरी पाठवावा असंही मनात यायचं.

त्याच सुमाराला संध्याकाळचं एक नवीन सुरू झालं. शेठ सूर्य मावळायच्या आत जेवून गोळी घेत. साडेसात-आठच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, आणि उगाच कुणावरही चिडायचे. एकदा मी जिन्यात चपला वाजवल्या म्हणून मला वाट्टेल ते बोलले आणि सकाळी त्यांना ते आठवतही नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "घाम येणारच. साखर भाईर पडतीय." आणि मी मान डोलावली. विज्ञानाचा पदवीधर, रोज निळं द्रावण उकळणारा मी, मान डोलावली.

निळं म्हणजे साखर नाही, एवढंच ते द्रावण सांगतं. साखर किती खाली गेली हे ते सांगू शकत नाही. निळ्याच्या खाली रंगच नसतो. शेठच्या अंगाला आता पूर्वीएवढी गोळी लागत नव्हती, स्नायूच अर्धं काम करत होते, आणि गोळी मात्र तेवढीच चालू होती. एखाद्या हुशार पोरालाही हे सुचलं असतं. मला सुचत होतं, नाही असं नाही. मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी होतं. पण दार इतकं सुंदर दिसत होतं, की त्याच्यावर शंका घ्यावीशी वाटली नाही.

श्रावण सरता सरता त्यांचं, जैनांचं, पर्युषण आलं. शेठनी आठ दिवस एकासणं धरलं, म्हणजे दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं. पाणी सूर्यास्तापर्यंत चालतं. डॉक्टरांनी बजावलेलं होतं की गोळी एकही चुकवायची नाही, म्हणून संध्याकाळची गोळी ते उकळलेल्या पाण्याबरोबर घेत, जेवण नसलं तरी. आणि दारावरची रेघ बिघडू नये म्हणून चारचा व्यायामही चालू. तिघांचं ऐकायचं होतं, देवाचं, डॉक्टरांचं आणि माझं. शेठ तिघांचंही तंतोतंत ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकींनी अंगणातून हाक मारली. त्या मला कधीच हाक मारत नसत. मी खाली धावलो. शेठ गोदामात पोत्याला टेकून बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, डोळे उघडे पण कुणाकडंही न बघणारे. मला ते सोपान म्हणाले. हातात काही नव्हतं, तरी हात खालीवर करत होते आणि मोजत होते. "लाभ… लाभ… लाभ…" दोन म्हणेनात.

तेव्हा मात्र मला एका क्षणात सगळं कळलं. मी ओरडलो, "काकी, साखर आणा, लवकर." काकींनी साखरेचा डबा आणला आणि तिथंच थांबल्या. बाहेर अंधार पडला होता. मी चिमूट पुढं केली, तर शेठनी दात घट्ट आवळले. एवढ्या बेभानपणातही त्यांना तेवढं समजत होतं. "मावळला… मावळला…" असं काहीतरी पुटपुटले.

"आजारपणात चालतं ना हो काकी?"

"सूट असती," काकी म्हणाल्या. "पण त्यांनी कधी घेतली न्हाई. माज्या हातनं न्हाई व्हायचं. तुमी घाला. मी बघत न्हाई." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी साखर ओली करून बोटानं त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. ते माझं बोट चावत होते. पंधरा मिनिटं गेली असतील, मला ती फार मोठी वाटली. मग डोळे हलले, घाम थांबला. त्यांनी आम्हा दोघांना ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सूर्य व्हता का?"

काकी म्हणाल्या, "व्हता."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून शेठचा मुलगा आला. मुलानं डॉक्टरांना घरी बोलावलं. सगळे गोदामात उभे होते, लाल मापं जमिनीवर, खडूचं दार समोर. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? काकी म्हणाल्या, वजन उचलताना चक्कर आली. साखर द्यावी लागली हे त्या सांगूच शकत नव्हत्या. ती कधी दिली, हे शेठसमोर लगेच पुढं आलं असतं. डॉक्टर म्हणाले, "मी कधीपासून सांगतोय, चाला. या वयात वजनं? डोक्यातली शीर तुटली असती. हे खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?"

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना जे सांगितलं त्यावरून कुणीही हेच म्हणालं असतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की डॉक्टर, चक्कर नव्हती, साखर उतरली होती, साखर चोळल्यावर उठले, वजनांचा दोष नाही, गोळी जास्त होतेय. पाच वाक्यं. पण डॉक्टर आमच्या शाळेच्या समितीवर होते, माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि मास्तर लोकांच्या आजारावर प्रयोग करतात ही गोष्ट गावभर व्हायला एक दिवस पुरला असता. काकींचं मन मोडायचं नव्हतं, असंही मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी भ्यालो होतो.

"मीच," शेठ म्हणाले. "माझंच डोकं. मास्तरांचा काय संबंध?"

मुलानं मापं कुलपात टाकली. दिवाळीच्या आत दाराला तेलरंग दिला. शेठ गादीवर बसले ते बसलेच. बाप सुखरूप राहावा म्हणून मुलानं सोपानला ताकीद दिली होती, की शेठना शेरभर वजनही उचलू द्यायचं नाही. सोपान ती इमानानं पाळायचा. पाण्याचा तांब्याही हातातून काढून घ्यायचा. दोन महिन्यांत द्रावण परत विटकरी झालं. मग शेठनी बाटली पाठवणं बंद केलं, आणि मी विचारलं नाही. पुढं माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला पाच किलो इंद्रायणी तांदूळ बांधून दिला, स्वतः तोलून.

मधल्या वर्षांत बातम्या कानावर येत राहिल्या. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिन लागलं. डोळ्यामागं रक्त उतरलं, पुण्याला जाऊन लेसर केलं, एक डोळा गेला, मग दुसरा. दुकान मुलाच्या मेहुण्यानं घेतलं. मी त्या काळात कितीदा तरी नारायणगावपर्यंत गेलो आणि तिथूनच परतलो. जुन्नरची एसटी समोर लागलेली असायची.

मग मलाच मधुमेह झाला. मंचरला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गोळी लिहून देताना सहज म्हणाल्या, "सर, नुसतं चालून भागवू नका. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला. स्नायूंना काम द्या, साखर ताब्यात राहते." मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो. घरी जाऊन वाळूच्या पिशव्या भरल्या. दीड-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मला दरदरून घाम सुटला आणि हात थरथरायला लागले. पटकन बिस्किटं खाल्ली आणि सकाळी बाईंकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या, म्हणाल्या, "छान, म्हणजे व्यायाम लागू पडतोय." आणि कागदावर काहीतरी खरडलं. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

त्या रविवारी मी जुन्नरला गेलो. शेठ आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. दंडांचं कातडं लोंबत होतं. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "आंबेगावकर मास्तर! या. लई दिवसांनी." काकी चहा करायला आत गेल्या. मी सगळं पाठ करून आलो होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "शेठ, त्या दिवशी सूर्य मावळला होता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "सकाळपर्यंत तोंड गोड व्हतं. मी दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त घेतलं, कुणाला बोललो न्हाई. तुमी जिवासाठी केलं, त्याचं काय एवढं?"

मग मी उरलेलं सांगितलं. की वजनं बरोबर होती. की ते गोदामाचं म्हणत होते ते अगदी बरोबर होतं. की आता डॉक्टरच वजनं उचलायला सांगतात, मलाही सांगितलंय. ते ऐकत होते. मधुमेह म्हटल्यावर त्यांनी हात पुढं करून माझा दंड चाचपला.

"तुमालाबी घाम सुटला का मग? संध्याकाळचा?"

"सुटला."

"मग डॉक्टरनी काय केलं? वजनं बंद केली?"

"नाही. गोळी अर्धी केली."

शेठचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी लागलेले होते. तेव्हाच गोळी अर्धी झाली असती तर त्यांची नजर वाचली असती की नाही, हे कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःची सोडवणूक करायला तेवढं एक उरलं होतं, ते तरी वापरू नये असं वाटलं.

"अर्धी," ते म्हणाले. "एवढंच व्हतं, मास्तर?"

"एवढंच होतं, शेठ. आणि मला ते तेव्हाच कळलं होतं."

आत कपबश्या वाजल्या. काकी येत होत्या. शेठनी माझा दंड अजून सोडला नव्हता. त्यांनी मला जवळ ओढलं आणि अगदी हळू म्हणाले, "तिच्यापुढं यातलं काही काढू नका. खोटं बोलून का व्हईना, नवऱ्याचा नेम राखला, एवढ्यावर ती जगतीय. चक्कर आली असं ती खोटं बोलली नसती तर डॉक्टरला गोळीचं तेव्हाच कळलं असतं, हे तिला कळता कामा नये."

मी बरं म्हणालो. काकींनी चहा ठेवला आणि माझ्या घरच्यांची चौकशी केली.